पाटी नेली, स्क्रू ठेवले

१

“पुन्हा कुणीतरी कपाटावर पाण्याचा पेला ठेवलाय! या घरात माणसं राहतात की बगळे?”

निदियाचा आवाज परसातल्या भिंतीवरून आला. आमच्या दोघींच्या परसांमध्ये ही एकच भिंत, माझ्या खांद्याएवढी. तिच्या घरातलं ऐकायला मला कान द्यावा लागत नाही. ऐकू नये म्हणून मात्र कष्ट पडतात. मागोमाग मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि तिचा नवरा एवेलियो काहीतरी पुटपुटला. मग तिचा झाडू पुढच्या दारापर्यंत गेला आणि थांबला.

“मिग्दालिया! अगं ए मिग्दालिया! धाव, मला लुटलं!”

मी कॉफी चुलीवर तशीच सोडून धावले.

निदिया दारात झाडू बंदुकीसारखा धरून उभी होती. दाराशेजारच्या भिंतीवर, पाटी असायची त्या जागी, फिकट चौकोन उरला होता. आमच्या त्रिनिदाद गावात ही पाटी म्हणजे घराचं तोंड. पांढऱ्यावर निळी खूण, जहाजाचा नांगर उलटा धरल्यासारखी. ती दिसली की प्रवाशाला कळतं, इथे खोली मिळते. पाटी नाही तर परवाना नाही, आणि महिनाअखेरीला निरीक्षक गल्लीतून फिरणार होता.

“योस्बेलला काय तोंड दाखवू मी?” निदिया म्हणाली. “जाताना म्हणाला होता, आई, खोली चालू ठेव. मी परत येईन तेव्हा गल्लीच्या तोंडापासून आपली पाटी दिसली पाहिजे.”

योस्बेल तिचा एकुलता एक. गल्लीतली निम्मी तरणी पोरं जातात तसा तोही कामासाठी चोरवाटेनं उत्तरेच्या श्रीमंत देशाकडे निघालेला. थोडं विमानानं, थोडं बसनं, बाकी पायी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर त्याचं डोकं मी धरलं होतं. तेव्हापासून निदिया मला कोमाद्रे म्हणते, म्हणजे माझ्या लेकराची दुसरी आई. ती भाड्यानं देते ती खोली त्याचीच.

“कोमाद्रे, मला चोर शोधून दे. गावातली प्रत्येक बातमी तुझ्याकडे येते.”

मी भिंतीला नाक लावून पाहिलं. चार भोकं होती, आणि चारही भोकांत स्क्रू होते. परत पिळून, नीट बसवलेले. एकाला तर तेलसुद्धा दिलेलं.

आमच्या बेटावर स्क्रू मिळत नाहीत. आमच्याकडचा चोर पाटी ठेवील आणि स्क्रू नेईल.

२

निदियाला मी बातमीदार वाटते याला कारण आहे. दर सोमवारी सकाळी, वीज असली तर, मी फोनवर बोलून गावातल्या सगळ्या खोलीवाल्यांना निरोप पाठवते. कुठल्या देशाची विमानं कमी झाली, कोण नाश्त्याला अंडी मागतं आणि कोण नुसती फळं, समुद्रकाठची मोठी हॉटेलं दर किती पाडताहेत, लोक आधी जनरेटर विचारतात की गच्ची. शाळा मी लवकर सोडली. बाजाराचा कल चादरींवरून शिकले. कुणाच्या दोरीवर किती चादरी वाळताहेत ते बघायचं, की सगळं कळतं. गेल्या सोमवारी मी म्हटलं होतं, “घरवाल्यांनो, यंदा दोरीवर चादरींपेक्षा कबुतरं जास्त आहेत. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणू नका. कोंबड्यांशेजारी झोपायला तयार असेल तरी हो म्हणा.”

तेव्हा माझा संशय सरळ धंद्याकडे गेला. निदियाच्या समोर लेओकादिया राहते. तिनं नवी गच्ची बांधली आणि नेमके प्रवासी आटले. दोघींचं दहा वर्षं वाकडं. दुसरा रेइनेरियो, बसथांब्यावर तीनचाकी सायकल चालवणारा दलाल. उतरणाऱ्या प्रवाशाच्या हातात पत्ता दिसला की हा टोपी काढून छातीशी धरतो, “अरेरे, त्या घरातली म्हातारी गेली हो,” म्हणतो, आणि दलाली देणाऱ्या घरी नेऊन सोडतो. त्याच्या कृपेनं मी स्वतः तीनदा वारले आहे.

पण चौकशी घरापासून करावी म्हणून मी आत गेले. एवेलियो परसात बुटक्या स्टुलावर बसून तांदळातले खडे वेचत होता. दाढी वाढलेली. शेजारी रेडिओ, त्यावर फडकं टाकलेलं.

“आज सामना नाही?” मी विचारलं. बेसबॉलचे शेवटचे सामने चालू होते. एरवी या दिवसांत एवेलियो पंचाशी इतका भांडतो की भिंतीपलीकडे मला धावसंख्या पाठ असते.

“सेल गेले.”

“माझ्याकडे आहेत. आणू?”

“नको.”

“बरं, पाटी कुणी नेली असेल?”

“ज्याला ती नकोशी झाली असेल त्यानं,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यासारखा पुन्हा खडे वेचू लागला.

निदिया आतून कॉफी घेऊन आली. “आणि हे ऐकलंस का? परवा रविवारी पोराचा फोन येऊन गेला! मी प्रार्थनेला गेले की नेमका तेव्हाच करतो, मेला! बापाशी बोलतो आणि ठेवून देतो. बरा आहे म्हणे.”

एवेलियोच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ फरशीभर झाला.

“त्याला तसं म्हणू नकोस,” तो म्हणाला.

“कसं?”

“ते. मेला.”

“अरे वा! आईनं शिवी दिली की पोराचं आयुष्य वाढतं. तुझ्या आईनं तुला एवढ्या दिल्या, बघ किती टिकलायस.” ती हसली आणि तांदूळ गोळा करायला खाली बसली.

ठरलेले पाहुणे त्या संध्याकाळी तिच्याकडे आलेच नाहीत. मी दिवे लागायच्या सुमाराला घरी परतले, तर दिवे लागायच्या ऐवजी गेलेच, आणि त्या अर्धवट उजेडात माझ्या पायरीवर दोन मोठ्या पिशव्या आणि दोन माणसं बसलेली दिसली.

“माफ करा,” पुरुष मोडक्या भाषेत म्हणाला. “आम्ही निदियाबाईंकडे जाणार होतो. आता... तुमच्याकडे खोली आहे?”

३

मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की निदिया इथेच, शेजारी. दोघांनी माना हलवल्या. ज्या घरात दुःख झालंय तिथे जाणार नाही म्हणाले. मी म्हटलं, सायकलवाला खोटारडा आहे. त्यांनी आणखी जोरात माना हलवल्या. पोलंडची माणसं, बाई तर उभ्या उभ्या झोपत होती. सकाळी पोचवू म्हणून मी त्यांना आत घेतलं.

सकाळी परसातल्या ओसरीवर नाश्त्याला ते उंच गृहस्थ पपई खाता खाता उठले आणि माझ्या फळीवरचा पेला उचलू लागले.

“तो नको! तो माझ्या आईचा आहे.”

ते ओशाळले आणि आईला नमस्कार करायला म्हणून दाराकडे वळले.

“तिकडे नाही. ती वारली.”

“वारली... आणि पाणी?”

“लांबून यावं लागतं ना. तहान लागते.”

आमच्याकडे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या घरांत हे चालतं. निदियासारखी प्रार्थनाघरात जाणारी माणसं याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडतात. पण त्या परक्या माणसानं पेला दोन्ही हातांनी, न सांडता, जागेवर ठेवला. मला तो आवडला.

“त्या घरातसुद्धा,” त्याची बायको हळूच म्हणाली. “मुलगा. तरुण.”

“मुलगा नव्हे, म्हातारी. तो नेहमी म्हातारीला मारतो.”

“नाही. मुलगा. सांगताना रडला.”

“मग नाटक सुधारलंय त्यानं,” मी म्हटलं. “आणि दलाली किती मागितली?”

तिला शब्द कळेना. बोटं चोळून दाखवल्यावर कळला. तिनं मान हलवली. काही नाही. आधी समोरच्या नव्या गच्चीवाल्या बाईकडे नेलं. ती बाई सायकलवाल्याशी कुजबुजली, नको म्हणाली, दार लावून घेतलं. मग इथे आणून सोडलं.

मी कॉफीची किटली खाली ठेवली. लेओकादिया? या हंगामात? चालून आलेल्या पाहुण्याला नाही म्हणाली?

तेवढ्यात भिंतीवर दोन हात दिसले, आणि त्यांच्यामागून निदियाचं डोकं वर आलं. तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे. मग माझ्याकडे.

“कोमाद्रे,” ती म्हणाली. “हे माझे आहेत.”

४

“माझ्या ताटातला घास, आणि तुझ्या ताटात! पाटीसुद्धा तुझ्याच पलंगाखाली असेल!”

“अगं, आत्ताच घेऊन जा त्यांना.”

“मला नकोत तुझे उष्टे पाहुणे!”

“निदिया, वेड्यासारखं करू नकोस. मी त्याच्या बाप्तिस्म्याला—”

“तोच तर येईल आणि विचारील. म्हणेल, आई, पाटी कुठंय? तर मी काय सांगू? तुझ्या दुसऱ्या आईनं खाल्ली?” तिचा आवाज फाटला. “घर बंद दिसलं तर तो समजेल आम्ही त्याची वाट बघायची सोडली.”

भिंतीवरचे हात गेले. पलीकडे दार आपटलंसुद्धा नाही, हळूच लागलं. मला तिचं ओरडणं परवडतं, हे नाही.

मी तशीच लेओकादियाचं दार वाजवायला गेले. तिच्या दोन्ही खोल्या उघड्या होत्या. ताणून घातलेल्या चादरी, उशीवर टॉवेलचे हंस, एकही पाहुणा नाही.

“काल पाहुणे परत पाठवलेस?”

“छत गळतंय.”

“पाऊस कुठे पडला?”

“पडला तर गळेल.” तिनं टॉवेलच्या हंसाची मान सरळ केली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ही बाई भांडताना कधी नजर काढत नाही. निदियाशी तर ती नजरेनंच भांडते.

“लेओकादिया, तू चोर आहेस का?”

“असते तर बरं होतं,” ती म्हणाली. “निदियाच्या दारावरून वळवलेला घास या दिवसांत माझ्या घशाखाली उतरणार नाही, एवढंच समज. जा आता. आणि तुझ्या सोमवारच्या निरोपात यातलं काही घालू नकोस.”

“कशातलं?”

तिनं हंस छातीशी धरला आणि दार लावलं. आतून मला जे ऐकू आलं ते हसणं नव्हतं. दहा वर्षांची वैरीण निदियासाठी रडत होती.

५

बसथांबा दूर नाही. पण मी हळू चालले, कारण डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत होती आणि ती बसू नये असं मला वाटत होतं.

रेइनेरियो सायकलच्या मागच्या सीटवर बसून शेंगदाणे सोलत होता. मला पाहून त्यानं टोपी काढली. कुणा म्हातारीला मारायला नव्हे, खरीच काढली.

“मी बोलते,” मी म्हटलं. “चुकलं तर सांग. ज्यानं पाटी काढली त्याला पाटी विकायची नव्हती. त्यानं स्क्रूला तेल दिलं, परत बसवले. म्हणजे त्याला ती भिंत आपली वाटते. बाहेरचा कुणी नव्हे.”

तो शेंगदाणे सोलत राहिला.

“पाहुणे वळवून कुणाचाच फायदा झाला नाही. तू दलाली घेतली नाहीस. लेओकादियानं दार लावलं. बाजार इतका पडलाय की लोक हो म्हणायला भांडताहेत, आणि माझ्या गल्लीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं पाहुण्यांना नको म्हणताहेत. हा धंदा नाही. त्या घरात सध्या पाहुणे हसू नयेत, त्यांचं गाणं वाजू नये, असं कुणाला तरी वाटतंय.”

“वीज येईल का आज?” रेइनेरियोनं विचारलं.

“ज्याला वाटतंय त्यानं रेडिओवरही फडकं टाकलंय. ऐन सामन्यांच्या दिवसांत. दाढी करत नाही. आणि रविवारी पोराचा फोन आला म्हणतो. रेइनेरियो, रविवारी सकाळभर वीज नव्हती, टॉवर बंद होता, माझाही फोन मुका होता. आणि त्या घरात फोन वाजला तर तो आधी मला ऐकू येतो. महिनाभरात वाजलेला नाही.”

आता पेल्याबद्दल बोलायचं होतं. माझ्या फळीवरच्या पेल्याबद्दल आणि त्या कपाटावरच्या. कुणी तहान लागली म्हणून कपाटावर पाणी ठेवत नाही. त्याच्यासाठी ठेवतात ज्याला लांबून यायचं असतं. एवेलियोची आई माझ्यासारखीच जुन्या वळणाची होती. पण माझ्याच्यानं बोलवेना. गावभर माझं तोंड प्रसिद्ध आहे, आणि मला एक वाक्य पुरं करता येईना.

“तू दर वेळी म्हातारीला मारतोस,” मी एवढंच म्हटलं. “या वेळी मुलगा का म्हणालास?”

“कारण या वेळी मी खोटं बोलत नव्हतो.” त्यानं टोपी दोन्ही हातांत पिळली. “माझा पुतण्या त्याच्याबरोबर होता. त्याचा फोन मला आला. म्हणाला, काका, सरहद्दीची नदी आम्ही ओलांडली होती. पुढच्या कोरड्या रानात वाट चुकली. सगळ्यांचं पाणी संपलं. योस्बेलनं शेवटचं होतं ते एका बाईच्या तान्ह्याला पाजलं.”

बस आली. त्यातून कुणीच उतरलं नाही. रेइनेरियोनंही मान वर केली नाही.

“मी एवेलियोला सांगितलं, इथेच, या सीटवर बसवून. तो म्हणाला, निदियाला मी सांगतो. रोज म्हणतो, उद्या सांगतो. दोन दिवसांपूर्वी म्हणाला, रेइनेरियो, त्या पलंगावर अनोळखी माणसं झोपलेली मला बघवणार नाहीत, तू काहीतरी कर. मग मी कधी नव्हे ते खरं बोललो.”

“गल्लीला माहीत आहे?”

“सगळ्या गल्लीला.”

“आणि मला? मी त्याची धर्ममाता आहे, रेइनेरियो. मला कुणीच का सांगितलं नाही?”

त्यानं कीव केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “मिग्दालिया, तुला सांगितलं की सोमवार उजाडतो.”

६

एवेलियो परसातच होता, त्याच स्टुलावर. मी शेजारी बसले. बराच वेळ त्याच्या कोंबड्या आमच्या पायांत फिरल्या. मग तो उठला, खुराड्याच्या छपराखाली हात घातला आणि एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. योस्बेलचा बेसबॉलचा सदरा. आत पाटी. निळा रंग पुसून लख्ख केलेला.

“टाकून देणार नव्हतो,” तो म्हणाला. “आपल्याकडे घरात असं झालं की रेडिओ बंद करतात, दार लोटून घेतात, शेजारी येऊन बसतात. मला ते काहीच करता येईना. पाटी तेवढी काढता आली.”

“तिला सांग, एवेलियो.”

“ती सकाळी उठते आणि त्याच्या उशीचा अभ्रा बदलते. गुणगुणते. तू ऐकतेस ना भिंतीवरून?”

“ऐकते.”

“या घरात एकासाठी तरी तो अजून चालतोय. माझ्या तोंडातून शब्द गेला की तिच्यासाठीही थांबेल. मी कसा थांबवू त्याला?”

सदऱ्याला अजून साबणाचा वास होता. तान्हेपणी माझ्या हातावर मावणारं डोकं त्या गळ्यातून बाहेर पडायचं. मी सदरा चेहऱ्याशी नेला आणि तसाच धरून ठेवला. म्हणून आतून येणारी पावलं मला ऐकू आली नाहीत, आयुष्यात पहिल्यांदाच.

“पुन्हा!” निदिया दारात उभी होती. हातात काठोकाठ भरलेला पेला. “मी विचारते, कोण ठेवतं हा? रोज ठेवतं आणि रोज मी मोरीत ओतते. आता तरी—”

तिचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. पाटी. पाटीभोवतीचा सदरा. माझा चेहरा.

“तू रडतेस का?” तिनं मला विचारलं. मी सदरा आणखी घट्ट धरला. ती नवऱ्याकडे वळली. “पाटी तू काढलीस? ... का?”

निदिया मोरीकडे एक पाऊल गेली, सवयीनं, आणि थांबली. पेल्यातलं पाणी हलत होतं. तिनं दुसरा हात खाली धरला, एक थेंबही पडू नये असा.

“एवेलियो,” ती अगदी हळू म्हणाली. “हे पाणी कुणाचं?”

तो उठून उभा राहिला. सकाळपासून, महिन्यापासून, तो पहिल्यांदाच सरळ उभा राहिला. आणि जो शब्द ती लाडानं दिवसातून दहादा उच्चारायची, तोच त्यानं उच्चारला.

“योस्बेलचं. तो मेला, निदिया. आपला योस्बेल मेला.”